आजोबांची वही आणि आजीचा शुक्रवार

बालमित्रांनो, सुट्टीतला गृहपाठ तुम्हाला आवडतो का? खरं सांगा हं! आमच्या चौथीच्या वर्गाला दिवाळीच्या सुट्टीत मी एक सोपा गृहपाठ दिला होता. शुद्धलेखन नाही, पाढे नाहीत. घराजवळचे कुणीही निवृत्त आजी-आजोबा निवडायचे, त्यांचा सोमवार ते रविवार असा आठवडा पाहायचा आणि लिहायचा. बस्स!

वह्या आल्या. बहुतेक सगळ्यांचा मजकूर असा : ‘आजोबा सकाळी उठतात. चहा पितात. पेपर वाचतात. दुपारी झोपतात. आजी स्वयंपाक करते. ती पण निवृत्त आहे.’ की संपला आठवडा! मला हसू आलं आणि थोडा रागही आला. मग मी चार मुलांना बरोबर घेतलं आणि आमच्याच गल्लीतल्या एका आजी-आजोबांकडे गेले. म्हटलं, आता आपण मिळून पाहू.

आमचं गाव पैठण. छत्रपती संभाजीनगरपासून दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी. सातवाहनांची राजधानी, एकनाथ महाराजांचं गाव, पैठणी साडीचं गाव हे सगळं तुम्ही पुस्तकात वाचलेलंच आहे. म्हणून आज ते नको. आज फक्त एका घराची गोष्ट.

सोमवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आजीचा सडा-रांगोळी होऊन गेली होती आणि आजोबा नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन, घाटावरून परत येत होते. हा त्यांचा रोजचा नेम. आल्यावर चहा आणि मग पेपर. आता इथं आमच्या मुलांनी ‘पेपर वाचतात’ एवढंच लिहिलं होतं. पण आजोबा पेपरात आधी काय पाहतात? नाथसागराची पाणीपातळी! पेपरात नसली तर जुन्या ओळखीच्या कुणाला तरी फोन करून विचारतात. संध्याकाळी तो आकडा एका लांबट वहीत जातो. अशा कितीतरी वह्या कपाटात रचून ठेवलेल्या आहेत.

आजोबा पाटबंधारे खात्यात होते. जायकवाडीचं धरण बांधलं जात होतं तेव्हा ते तिथं मस्टर लिहायचे, म्हणजे मजुरांची हजेरी. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचं उद्घाटन केलं. मातीचं हे धरण जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे. पाणी सोडायला सत्तावीस दरवाजे.

“पूर्ण भरलं की पातळी १५२२ फूट,” आजोबा म्हणाले.

“बापरे! एवढं खोल पाणी?” एक मुलगा ओरडला.

आजोबा खो खो हसले. “अरे लेकरा, ही उंची समुद्रापासून मोजलेली. धरणाची भिंत आहे एक्केचाळीस मीटरच्या आसपास.” मग त्यांनी उलटा प्रश्न टाकला. धरण पैठणला, मग त्याचं नाव जायकवाडी कसं? कुणालाच येईना. मलाही नीट सांगता आलं नाही, हे कबूल करते. तर जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं एक गाव. निजामाच्या काळात धरण तिथं बांधायचं ठरत होतं. पुढं जागा बदलली, नाव मात्र तेच राहिलं.

मंगळवारी आजोबांबरोबर बँकेत गेलो. नोव्हेंबर महिना होता. या महिन्यात पेन्शन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे काय, तर आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं! आमच्या मुलांना हे इतकं गमतीचं वाटलं की रांगेत ती हसू आवरेनात. “आजोबा, तुम्ही समोर उभे आहात की!” रांगेतले सगळेच म्हातारे हसायला लागले. आजोबांनी सही केली, बाहेर आल्यावर पाचही जणांना गोळ्या घेतल्या. मीसुद्धा खाल्ली.

घरी आल्यावर एका मुलीनं आजीला विचारलं, “तुम्हाला नाही का दाखला द्यावा लागत?”

“मला कुठली पेन्शन? मी निवृत्त झालेच कुठं?” आजी म्हणाली आणि काटवट पुढं ओढून पीठ मळायला बसली. आम्ही तिथंच हिशेब केला. दिवसाला चारच भाकरी धरल्या, तरी पन्नास वर्षांच्या होतात ७३ हजार. आणि घरात लेकरं होती तेव्हा चार भाकरींत कुणाचं भागत होतं? ‘ती पण निवृत्त आहे’ असं लिहिणाऱ्या मुलीनं गुपचूप आपली वही काढली आणि ते वाक्य खोडलं.

बाजाराच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. दोन कापडी पिशव्या, मेथीच्या जुडीवरून दहा मिनिटं घासाघीस, आणि शेवटी आजोबांनी आजीच्या नकळत घेतलेले पाव किलो पेढे. ते आजीला घरी पोचायच्या आधीच कळले होते.

आणि मग आला शुक्रवार.

दर शुक्रवारी दुपारी दोघं रिक्षानं नाथसागराच्या काठावर जातात. त्या दिवशी आम्हीही गेलो. समोर नुसतं पाणी, पलीकडचा काठ दिसतच नाही. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात इथं रोहित पक्षीसुद्धा येतात. मुलं पक्षी शोधायला लागली. आजी मात्र पाण्याजवळ गेली, पदरातून पुडी काढली, पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून उभी राहिली.

“आजी, ही कोणती देवी?” मुलीनं विचारलं.

“देवी नाही गं. माझं माहेर आहे.”

मुलांनो, या जलाशयाखाली शंभराहून जास्त गावांच्या जमिनी गेल्या. आजीचं गाव त्यातलंच एक. गावाचं नाव नव्या वस्तीला मिळालं, घरंही मिळाली. पण मारुतीचं देऊळ, शाळा, विहीर आणि नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली राहिली.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग तिनं आजोबांकडं वळून सरळ विचारलं, “मग आजोबा, तुम्हीच बुडवलं का आजीचं गाव?”

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! मी तिला दटावणार, तेवढ्यात आजीनं मला हातानं थांबवलं. “विचारू द्या, बाई. इतकी वर्षं संसार केला, मी हे एकदाही विचारलं नाही.”

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, शेतं करपली, जनावरं कवडीमोलानं विकली. लोक मिळेल त्या कामावर यायचे. भरावावर माझ्या मस्टरला एक माणूस होता, वयानं मोठा. पाट्या टाकायचा. मी एक दिवस विचारलं, गाव कोणतं? त्यानं सांगितलं. मी म्हटलं, अहो, हे धरण झालं की तुमचंच शेत बुडणार! तर म्हणाला, साहेब, ते मला ठाऊक आहे. पण आज घरात दाणा नाही, हजेरी मांडा.” आजोबा थांबले. “तोच पुढं माझा सासरा झाला. त्याची हजेरी मी मांडली. बुडवलं म्हण, नाहीतर काय म्हणायचं ते म्हण.”

कुणीच काही बोललं नाही. मग आजीच म्हणाली, “आमची लेक दिली परभणीकडं. तिच्या शेताला डाव्या कालव्याचं पाणी जातं. दोनशे आठ किलोमीटरचा कालवा आहे तो. माझ्या बापाच्या शेतावरचं पाणी लेकीच्या उसाला. आता यात हसू का रडू, तुम्हीच सांगा.”

आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नाही.

परत येताना आजीनं २०१९ च्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली. त्या वर्षी धरणातला वापरायचा सगळा साठा संपला, तळाचा मृतसाठा तेवढा उरला. पाणी मागं हटलं तशी जुन्या गावाची जागा उघडी पडली. दोघं पाहायला गेले. घरं नव्हतीच, पायाच्या दगडांचे चौकोन तेवढे होते. विहिरीचं तोंड गाळानं बुजलेलं. आजीला आपलं घर काही सापडलं नाही. देवळाचा चौथरा सापडला, तिथं ती बसली. कुणीतरी गाळपेर करून टरबुजं लावली होती, त्यातलं एक विकत घेतलं. “आमच्याच गावचं टरबूज, पैसे देऊन!” हे सांगताना मात्र ती हसली.

“आणि पाणी जास्त झालं तर?” मुलाचा प्रश्न. त्याचं उत्तर आजोबांकडं होतं. २००६ च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि ऑगस्टमध्ये धरणातून सेकंदाला सुमारे अडीच लाख घनफूट पाणी सोडावं लागलं. पैठणमध्ये पाणी शिरलं, लोकांना घरं सोडावी लागली. आजीनं देव आणि धान्य उचललं, आजोबांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वह्या. यावरून घरात अजून भांडण होतं, बरं का!

शनिवारी मारुतीला तेल, आणि आजीची गोधडी. आमच्या मुलांनी सुईत दोरा ओवून दिला, कारण आता तिला ते दिसत नाही.

रविवारी पुण्याहून मुलाचा फोन येतो. फोनवर नातवाचा चेहरा दिसतो म्हणून आजी केस विंचरून बसते. बोलणं दर वेळी तेच : जेवलात का, गोळ्या घेतल्या का, इकडं येऊन राहा की. “येऊ, येऊ,” आजोबा म्हणतात. आजी फोन ठेवल्यावर म्हणते, “कशाचं येतोय!”

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा आजोबांनी वही उघडली होती. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

“किती?” आजीनं विचारलं.

“पंधराशे एकवीस पूर्णांक आठ.”

आवाज क्षणभर थांबला. “म्हणजे देऊळ अजून खालीच आहे,” आजी म्हणाली, आणि पुन्हा भाकरी थापू लागली.