रस्ता अडवू नका

विसरवाडी हे सुरत-धुळे महामार्गावरचे गाव. बाजाराला आलेला मनुष्य दुकानापुढे गाडी लावतो आणि म्हणतो, “इथे मनाईची पाटी कुठे आहे? मग दंड कसला?” श्रोतेहो, ही समजूत चुकीची आहे बरे का!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम पाटीची वाट पाहत नाही. इतरांना धोका वा अडथळा होईल अशी गाडी उभी करणे हाच गुन्हा. वळण, चौफुली, पूल, शाळेचे दार, एस. टी. चा थांबा ही ठिकाणे मोकळीच ठेवली पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. अडथळा करणारी गाडी पोलीस हलवू शकतात, आणि तो खर्चही मालकाच्याच माथी.

बैलगाडीवाला म्हणेल, “माझी कुठे मोटार आहे?” पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमात बैलगाडी, हातगाडी, रस्त्यात टाकलेली खडीसुद्धा येते. जुन्या दंडविधानात यासाठी २०० रुपयांपर्यंत दंड होता. आता तो ५,००० रुपयांपर्यंत आहे.

दंडाचे राहू द्या. रस्त्याची कड गाड्यांनी भरली म्हणजे शाळेचे पोर महामार्गावरून चालू लागते. गाडीआडून ते एकदम पुढे आले, तर मालमोटारवाल्याला ते दिसायचे कसे? गुरुजींनी हे वर्गात जरूर सांगावे. मुले घरी वडिलांना सांगतील. आपण मात्र गाडी रस्त्याखाली, मोकळ्या जागेत घ्यावी आणि चार पावले चालत दुकानात जावे.