पुढचा वेगळा, मागचा वेगळा

कल्याण-बदलापूर रस्त्यावर आजही जुन्या मोटरसायकली रोज कामाला जातात. आरएक्स १००, पहिल्या पिढीतल्या स्प्लेंडर, अधूनमधून लोखंडी इंजिनाची बुलेट. उल्हासनगरात त्यांच्या मागच्या सीटवर जीन्सचे गठ्ठे बांधलेले दिसतात, अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी सुटली की त्या दोघा-तिघांना घेऊन निघतात. इंजिनाची निगा मालक मनापासून ठेवतो, टाकीला नवा रंगही देतो. टायर मात्र दुकानात त्या दिवशी जो मिळाला तो. या गाड्यांना ना डिस्क ब्रेक, ना एबीएस. पावसात गाडी वेळेवर थांबणार की नाही, हे टायरच ठरवतो.

दोन्ही टायर सारखे नसतात, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. पुढच्या चाकाने वाट धरायची आणि गाडी थांबवायची. ब्रेक लावला की वजन पुढे येते आणि थांबण्याचा मोठा भार त्याच्यावर पडतो. म्हणून पुढच्या टायरवर परिघाने धावणाऱ्या लांब खाचा असतात. दुकानदार त्याला रिब म्हणतात. मागच्या चाकाकडे इंजिनाचा जोर, मागे बसलेल्याचे वजन आणि सामान. त्याला आडव्या खाचा आणि रबराचे ठोकळे लागतात. मागचा साहजिकच लवकर झिजतो. पुढचा अर्धा झिजेपर्यंत मागचा बहुधा संपलेला असतो.

इथेच एक जुनी सवय नडते. मागे नवा टायर टाकायचा आणि उतरवलेला अर्धवट पुढे चढवायचा. टायरच्या कडेला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, आणि काही टायरांवर पुढच्या चाकासाठी एक व मागच्यासाठी उलट असे दोन बाण असतात. त्याचे कारण बनावटीत आहे. वरचे रबर पट्टीच्या रूपात गुंडाळून तिरक्या सांध्याने जोडतात. मागे इंजिनाचा जोर तो सांधा एका दिशेने ओढतो, पुढे ब्रेक उलट दिशेने. शिवाय मागचा टायर मधोमध सपाट झालेला असतो, तो पुढे गेला की वळणावर गाडी सहज वळत नाही, अडखळून कलते. पैसे कमी असतील तर मागचा टायर महिनाभर थांबू शकेल, पण पुढचा नवाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आता आकडे. १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० ला पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८. जुन्या बुलेटला दोन्हीकडे ३.२५-१९. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. १९९४ च्या स्प्लेंडरला दोन्हीकडे २.७५-१८ आहे, आणि फसगत होते ती इथेच. पुढचा चार प्लायचा, त्यावर ४२पी. मागचा सहा प्लायचा, त्यावर ४८पी. ४२ म्हणजे १५० किलो भार, ४८ म्हणजे १८० किलो. माप एकच म्हणून पुढचा टायर मागे बसतो, पण डबलसीट आणि गठ्ठा घेऊन धावायला तो बनलेला नाही. खरेदी करताना मापाच्या पुढचे प्लाय आणि भाराचे हे आकडे वाचायलाच हवेत.

नव्या टायरवर माप मिलिमीटरमध्ये असते. ८०/१०० म्हणजे ८० मिलिमीटर रुंद आणि उंचीही तेवढीच; जुन्या २.७५ च्या जागी हे चालते. ९०/९० ची उंची जवळपास तेवढीच, पण रुंदी दहा मिलिमीटर जास्त. शंभर सीसीच्या बहुतेक जुन्या गाड्यांची रिम १.६० इंच रुंद असते. तिच्यात रुंद टायर कोंबला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, पाठ फुगते आणि जमिनीला उलट कमी रबर लागते. मागे तो चाक धरणाऱ्या चिमट्याला किंवा चेन कव्हरला घासतो ते वेगळेच. जाड टायर रुबाबदार दिसतो हे खरे, पण रिम न बदलता एका मापाहून वर जाऊ नये.

दोन कंपन्यांचे टायर एका गाडीवर चालतात का? चालतात. पुढे एमआरएफ, मागे सीएट अशी जोडी वर्षानुवर्षे धावते आहे. बनावटीची मिसळ मात्र नको. जुन्या गाड्यांचे टायर तिरक्या नायलॉनच्या थरांचे असतात. पुढे रेडियल आणि मागे तसला टायर ही जोडी धोक्याची. सीएट तर आपल्याच लोकलच्या मार्गावरची: १९५८ पासून भांडुपला, आणि अलीकडे अंबरनाथलाही. अंबरनाथला शेती-खाणींच्या यंत्रांचे मोठे टायर होतात, दुचाकीचे नागपूरजवळ बुटीबोरीत.

आपल्या रस्त्यांचा विचार केला तर निवड आणखी बारीक होते. काँक्रीटचे लांब सांधे अरुंद, निव्वळ उभ्या खाचांच्या टायरला ओढतात आणि हँडल हातात वळवळते. म्हणून पुढे उभ्या खाचांसोबत थोड्या तिरक्या खाचाही असलेला टायर मला इथे जास्त पटतो. मागे बटण टायर मुरबाडकडच्या शेतरस्त्यांना ठीक. रोज ओल्या काँक्रीटवर आणि पेव्हर ब्लॉकवर धावायचे तर नको. सुटे ठोकळे, म्हणजे जमिनीला लागणारे रबर कमी.

स्पोकच्या रिमला ट्यूब लागतेच. टायरबरोबर ट्यूब नवी घ्यावी आणि स्पोकांच्या टोकांवरची रबरी पट्टीही तपासावी. बाजूवरचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. दुकानात तीन-चार वर्षे पडून कडक झालेला टायर स्वस्तातही महाग. कायद्याने दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर हवी, पण बारवी धरणाकडे पाऊस कोसळत असताना त्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते. दोन मिलिमीटर उरले की पुढचा बदलावा. हवा स्प्लेंडरला एकट्यासाठी पुढे २५ पौंड, मागे २८. दोघे बसणार तर मागे वाढवावी. आणि खरेदी मे महिन्यात उरकावी. नव्या टायरचा तुकतुकीत वरचा थर पहिल्या शंभरएक किलोमीटरांत झिजतो, तोवर पकड पूर्ण येत नाही, आणि ते किलोमीटर कोरड्या रस्त्यावर झालेले बरे.