पडून उठल्यावर पात्याची पाहणी

बर्फावर मूल पडलं की सगळ्यांची नजर आधी त्याच्या मनगटाकडे, गुडघ्याकडे, डोक्याकडे जाते. ती तिकडेच जायला हवी. मग मूल उठतं, कपड्यांवरचा चुरा झटकतं, पुन्हा वेग घेतं, आणि बघणाऱ्यांच्या दृष्टीने विषय संपतो. बुटाखालच्या पात्याकडे कुणी बघत नाही. त्या धारेला अर्ध्या मिलिमीटरचा खांडा पडला असेल, तर पुढची उडी उतरताना पाय दगा देतो आणि दोष मुलाच्या माथी जातो: लक्ष नव्हतं, घाई केली, गुडघा वाकवला नाही.

माझी मुलगी फिगर स्केटिंग करते, आणि आम्ही राहतो चेन्नईत, एग्मोरला. हे एका दमात सांगितलं की ऐकणारा थबकतोच. तशी या शहराची बर्फाशी ओळख जुनी आहे. फ्रेडरिक ट्यूडरच्या जहाजांतून अमेरिकेहून येणारा बर्फ साठवायला १८४२ साली इथल्या समुद्रकिनाऱ्यावर बांधलेलं आइस हाउस आजही उभं आहे, आता विवेकानंदर इल्लम या नावाने. पण स्केटिंगचा बर्फ आमच्या वाट्याला येतो तो सुट्टीत, गुरुग्रामला, तिच्या आत्याकडे मुक्काम ठोकून. एरवी वर्षभर चाकांच्या स्केट्सवर सराव. अमेरिकेत वाढलेली आणि भारताकडून उतरणारी तारा प्रसाद २०२५च्या फेब्रुवारीत हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत आठवी आली, तेव्हापासून तर आमच्याकडे सुट्टीत दुसरीकडे कुठे जाण्याचा विषयही निघत नाही.

न्यू जर्सीतल्या माझ्या चुलत बहिणीची लेकही स्केटिंग करते. तिच्या रिंकच्या आवारातच धार लावणारा बसतो; शंका आली की बूट त्याच्या हातात द्यायचे. आमच्याकडे धार लावायची म्हणजे बूट दूरगावी पाठवायचे आणि वाट बघायची, नाहीतर पुढच्या सुट्टीपर्यंत तसंच ठेवायचं. त्यामुळे खरंच काही बिघडलंय की नुसती शंका आहे, हे घरच्या घरी ठरवता येणं आम्हाला भाग आहे. मी ते शिकले, आणि आता मुलीलाही शिकवते आहे.

आधी पातं कसं असतं ते सांगते. त्याची जाडी साधारण ४ मिलिमीटर. पण ते सुरीसारखं एका धारेवर चालत नाही. तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते आणि त्या पन्हळीचे दोन काठ म्हणजे दोन धारा, आतली आणि बाहेरची. पन्हळीची गोलाई बहुधा अर्ध्या इंचाच्या त्रिज्येच्या आसपास ठेवतात. शिवाय पातं पुढून मागे सरळ नसतं, त्याला हलकी कमान असते, सात-आठ फूट त्रिज्येची. म्हणून कुठल्याही क्षणी बर्फाला टेकतो तो पात्याचा लहानसा तुकडा. गिरकी घेताना पुढचा भाग, उडीनंतर मागे सरकत जाताना मधला. टोकाला दाते असतात, लुट्झ, फ्लिप, टो लूप या उड्या मारताना बर्फात रोवायला. खांडा केवढा आहे याच्याइतकंच तो कुठे आहे हेही महत्त्वाचं, ते यामुळे.

आणि एक गोष्ट पहिल्यांदा मनात पक्की करायला हवी: बर्फाने पोलादाला खांडा पडत नाही. फिगर स्केटिंगचा बर्फ उणे तीन-चार अंशांवर, म्हणजे तसा मऊच ठेवतात. पातं त्यावर कितीही आडवं घासलं तरी धार तुटत नाही. धार तुटते ती पोलादावर पोलाद आदळलं तर, कठड्याच्या खालच्या पट्टीवर किंवा तिथल्या स्क्रूवर पाय आपटला तर, नाहीतर बर्फात आलेल्या वाळूच्या खड्यावर. सगळ्यांत जास्त नुकसान तर रिंकच्या बाहेर होतं. गार्ड न चढवता सिमेंटवर टाकलेली चार पावलं पन्नास पडण्यांपेक्षा महाग पडतात. म्हणून पात्याला हात लावण्याआधी मी लेकीला विचारते, कशी पडलीस ते सांग. पडण्याची तऱ्हा कळली की कुठे बघायचं ते कळतं.

उडी उतरताना कुशीवर पडली असेल तर पातं बहुतेक धडधाकट असतं. तिथे तुटलेलं काही शोधण्यापेक्षा धार बोथट झाली आहे का, दोन्ही धारा एका पातळीत आहेत का, ते बघायचं. तोंडावर पडली असेल तर दाते आणि बुटाच्या पुढच्या तळव्याचा जोड. घसरत जाऊन कठड्याला धडकली असेल तर पात्याची शेपटी आणि टाचेचे स्क्रू. पायात पाय अडकून पडली असेल तर दोन्ही पाती, कारण एकाने दुसऱ्याला मारलेलं असतं. आणि कधी दोष यातल्या कशातच नसतो. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटर युझुरु हान्यूचं पातं बर्फातल्या एका खड्ड्यात अडकलं आणि चार फेऱ्यांची सालकोव्ह उडी एका फेरीवर आली. पात्यावर आळ घेण्याआधी बर्फही आठवून बघावा.

या खेपेला तिचं उत्तर होतं, “आई, उडी नव्हतीच गं. मागे जाताना क्रॉसओव्हरमध्ये उजवा पाय डाव्याला लागला.”

रिंकवर तिच्या आत्याने पात्यावरून नख फिरवून, स्क्रू चाचपून दिवस भागवला होता. स्पर्धेत तर तेवढंच शक्य असतं. सामानात बिघाड झाला तर पंच फार तर ३ मिनिटं देतात. नीट पाहणी घरी येऊन, आणि एग्मोरच्या घरात तिची सुरुवात कोरडं करण्यापासून होते. थंड पातं इथल्या हवेत आलं की क्षणात त्यावर दव धरतं. पुसलं की पुन्हा धरतं. बहुतेक पाती कार्बन पोलादाची, वर क्रोमचा मुलामा असलेली. मात्र धारेलगतची पट्टी उघडी ठेवावी लागते, कारण तिथे धार लावायची असते. नेमकी तीच पट्टी गंजते. समुद्र इथून लांब नाही. आमच्या जवळच पँथिऑन रोडवर सरकारी संग्रहालय आहे. लोक तिथे चोळकालीन कांस्यमूर्ती बघायला जातात, पण १९३० साली सुरू झालेली धातूंच्या जतनाची प्रयोगशाळाही तिथेच आहे. कांस्य आतून पोखरणारी हिरवट भुकटी ज्या क्षारांमुळे आणि दमटपणामुळे धरते, तीच जोडी आमच्या कपाटातल्या पोलादाच्या मागे लागलेली असते. गंजाचा ठिपका खांड्यासारखा दिसतो आणि खांडा गंजाखाली दडतो, म्हणून पातं खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत थांबायचं, फडक्याने पुन्हा पुसायचं, मगच बघायला बसायचं. चालायचे प्लॅस्टिकचे गार्ड पाण्याला धरून ठेवतात. ते चढवून बूट पिशवीत टाकणं म्हणजे रात्रभर गंजाला आमंत्रण.

टेबलावर टॉवेल, त्यावर बूट उलटा, तळ वर. दिवा माझ्या खांद्यामागे. डोळा धारेच्या रेषेत आणायचा आणि बूट हळूहळू कलता करायचा. चांगली धार दिसत नाही, हीच तिची खूण. तिच्यावरून उजेड परतून येण्याइतकी सपाट जागाच नसते, त्यामुळे ती काळी रेघ वाटते. जिथे बोथटली आहे तिथे बारीक पांढरी रेष चमकते. जिथे खांडा आहे तिथे एक ठिपका लुकलुकतो, आणि बूट हलवला की विझतो.

उजव्या पात्याच्या आतल्या धारेवर, मध्यापासून बोटभर मागे, तसा ठिपका होता.

ठिपका दिसला म्हणजे धातू गेलाच असं नाही. कधी धार नुसती एका बाजूला वळलेली असते, तिला आपण कोर म्हणतो. फरक ओळखायला मी देवघरातला कापूस घेते. पिंजलेली वात धारेवरून पुढून मागे अलगद ओढायची, मग मागून पुढे. कोर असेल तर तंतू एकाच दिशेला अडकतो, कारण वळलेल्या पोलादाचं टोक एकीकडेच असतं. खांड्यात तो दोन्ही दिशांना अडकतो. इथे दोन्हीकडून अडकला. मग नख. ते धारेच्या लांबीने कधीच फिरवायचं नाही, बोट कापेल. आडवं, अगदी हलकं ओढायचं. धार चांगली असेल तर नखाची पांढरी भुकटी निघते. खांड्याच्या जागी निघाली नाही, मागेपुढे निघाली. म्हणजे विळीच्या पात्याला नारळाच्या करवंटीने पडावा तसा एकच खांडा, बाकी धार शाबूत.

एवढ्यावर थांबू नये. ज्याने मारलं ते सापडलं की जे लागलं त्यावर विश्वास बसतो. डावा बूट घेतला. पात्याच्या आतल्या बाजूला, पात्याला बुटाशी जोडणाऱ्या पुढच्या खांबाजवळ, क्रोमवर एक तिरपा ओरखडा होता, ताजा. जुने ओरखडे मळकट होतात, हा लख्ख होता. मुलीने दोन्ही बूट हातात घेऊन उजवा डाव्यावर आणला आणि खांडा ओरखड्याला नेऊन भिडवला. “असाच लागला,” ती म्हणाली. अशा वेळी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. पडल्याची नामुष्की जाऊन तिथे कुतूहल आलेलं असतं.

बाकीची तपासणी चटकन होते, पण टाळायची नाही. टाचेकडून पात्यावर डोळा धरून बघायचं, कुठे वाकलं आहे का. दोन्ही धारांवर छोटा गुण्या टेकवायचा, सुताराकडे असतो तसाच पण बोटभर. एक धार उंच आणि एक खाली असेल तर तो लगेच तिरका बसतो. पात्याचे खांब जिथे बुटाखालच्या पट्टीला जोडलेले असतात तिथला तडा साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून पाणी झिरपून केसाएवढी तांबूस रेघ उमटते. तशी रेघ दिसली तर मग चर्चा नाही, ते पातं बर्फावर न्यायचं नाही. शेवटी स्क्रू. पेचकसाने प्रत्येकाला हलकासा ताण द्यायचा. जो नुसताच फिरत राहतो त्याचं भोक सैल झालेलं असतं. भोकात गोंद लावलेली काडी घालून तो तात्पुरता बसतो, कायमचा नाही. आमचे सगळे घट्ट होते.

आता प्रश्न पुढचा, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. खांडा दिसला की हात शिवशिवतात. घरात कानस असते, निसणा असतो, खाली गल्लीत चाकांच्या सहाणेवर सुऱ्यांना धार लावणारे येतात. त्यांचा हात बसलेला आहे, पण त्यांचं चाक सपाट. ते पन्हळच घासून टाकेल. स्केटच्या पात्यासाठी सहाणेच्या चाकालाच हिऱ्याच्या टोकाने आधी अर्ध्या इंचाची गोलाई द्यावी लागते आणि मग पातं त्यावरून लांबीभर, एकाच दाबाने न्यावं लागतं. दाब मध्ये वाढला की कमान गेली. पुढे जरा जास्त नेलं की दाता गेला. एका दुकानात तिच्या जुन्या पात्यांचा सगळ्यांत खालचा दाता असाच घासला गेला होता. ती पुन्हा गिरकीत उभी राहायला शिकली त्याला एक अख्खी सुट्टी लागली. म्हणून घरी मी फार तर बारीक दगड पात्याच्या बाजूला सपाट टेकवून कोर काढते. खांड्याला हात लावत नाही.

आणि खांडा संपूर्ण घालवायचाच, असा हट्टही धरू नये. पात्यात पोलाद मोजकंच असतं. एक खोल खांडा नाहीसा करायला त्या जागेच्या तळापर्यंत पूर्ण पातं उतरवावं लागतं, आणि पात्याचं आयुष्य तेवढं आखडतं. चांगला कारागीर पहिल्या खेपेला नेहमीइतकंच घासतो. उरलेला खांडा पुढच्या धारेला जातो, त्यापुढच्या धारेला दिसेनासा होतो. तोवर मुलीला त्याची जागा ठाऊक असली की पुरे. तिला ती ठाऊक आहे, बोट न बघता तिथे जातं.

बूट पाठवताना सोबत चिठ्ठी जाते, आणि आता ती मुलगीच लिहिते. उजवा बूट, आतली धार, टाचेच्या टोकापासून किती मिलिमीटरवर खांडा, तेही पट्टीने मोजून. पन्हळ होती तेवढीच ठेवा. खांडा पूर्ण निघाला नाही तरी चालेल. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून: दात्यांना हात लावू नका.