घरातील बुरशीचा बंदोबस्त

मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक घरांतून कुबट वास येऊ लागतो. भिंतीच्या कोपऱ्यांत काळे ठिपके उमटतात, पेटीतील कपड्यांवर पांढरट बुरा चढतो आणि कणगीच्या तळची ज्वारी गोळा होऊन बसते. ‘पावसाळ्यात हे व्हावयाचेच’ असे म्हणून त्याकडे काणाडोळा करण्यात येतो. परंतु हीच बुरशी घरातील दमेकऱ्याचा श्वास कोंडते, लहान मुलांचा खोकला हटू देत नाही आणि वर्षाच्या बेगमीचे धान्य निकामी करते. म्हणून तिचा बंदोबस्त ही केवळ टापटिपीची बाब नव्हे.

बुरशी का धरते?

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांना घराबाहेर ठेवणे शक्य नाही. मात्र ओल मिळाल्यावाचून ते रुजत नाहीत. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत सुकली तर बुरशी बहुधा धरत नाही. रानात ओल नसेल तर बी उगवत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. घराचेही तसेच आहे. नुसते डाग पुसणे म्हणजे तणाचे शेंडे खुडणे होय. मूळ ओलीत असते.

ही ओल तीन वाटांनी येते. पहिली वाट वरून: माळवदाला भेग पडली, पन्हाळ तुंबले किंवा स्लॅबवर पाणी साचले की भिंत वरून भिजते. दुसरी वाट खालून: काळी माती पाणी धरून ठेवते. भिंतीला लागून उकिरडा, मातीचा ढीग किंवा मोरीचे सांडपाणी असेल तर ओल पायातून वर चढते. तिसरी वाट आतून: स्वयंपाकाची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा बाहेर जाण्यास झरोका नसला की तो भिंतीवरच बसतो.

भिंतीवरील प्रत्येक पांढरा थर बुरशी नसतो. जमिनीतील क्षार ओलीबरोबर वर येऊन लोणा फुटतो. तो बोटाला खरखरीत लागतो व पाण्यात विरघळतो. बुरशी मऊ असते, पाण्याने पसरते आणि तिला कुबट वास येतो. उपाय निराळे असले तरी दोहोंचे कारण ओल हेच आहे.

प्रथम ओल तोडावी

पावसाळ्यापूर्वी माळवदाच्या भेगा पांढऱ्या मातीने बुजवून वरच्या थराला पन्हाळाकडे उतार द्यावा. भिंतीलगतची माती हटवून पाणी घरापासून दूर वाहील अशी चारी काढावी. सांडपाण्यासाठी भिंतीपासून पुरेशा अंतरावर शोषखड्डा घ्यावा. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी आणि डास या दोहोंवर मात केली आणि ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर परिचित झाला. कोरड्या भिंती हा त्या खड्ड्यांचा आणखी एक लाभ होय.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर या भागात सिमेंटची घरे वाढली. या घरांत समोरासमोर खिडक्या ठेवणे अगत्याचे आहे. जुन्या मातीच्या भिंतीस मात्र वरून सिमेंटचा गिलावा करू नये. मातीच्या भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. सिमेंटखाली ती कोंडते.

बुरशी कशी काढावी?

उघडीप पडली की दारे-खिडक्या उघडून काम हाती घ्यावे. नाकातोंडावर मास्क, निदान जाड कापड बांधावे; दमेकरी व मुले यांना दूर ठेवावे. कोरडा झाडू मारू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. जागा प्रथम ओली करावी.

सिमेंटची भिंत, फरशी व पत्रा साबणाच्या पाण्याने घासून धुवावा. डाग राहिल्यास १ लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम टीसीएल पावडर कालवून निवळी घ्यावी, ती लावून दहा मिनिटांनी पुसावी. या पावडरीत ॲसिड, फिनेल वा अन्य कोणतेही औषध कदापि मिसळू नये. विषारी वायू निघण्याचा धोका असतो. मातीच्या भिंतीचा बुरसटलेला थर खरवडून बाहेर टाकावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मग नवे लिंपण करून चुन्याची सफेदी द्यावी. चुन्याच्या तीव्रतेमुळे त्यावर बुरशी सहसा धरत नाही. कळीचा चुना विझविताना डोळे जपावेत. झडीच्या दिवसांत अंधाऱ्या कोपऱ्यात शेणाचे ओले सारवण करू नये. कपडे व गोधड्या कडक उन्हात वाळवाव्यात.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ व शेजारच्या गावांत पुराचे पाणी घरांत शिरले. अशा घरांतील चिखल काढून भिंती वाऱ्यावर वाळू द्याव्यात. ओल्या भिंतीस घाईने रंग देऊ नये. कुजलेल्या गाद्या टाकून द्याव्यात.

धान्य व वैरण

बुरसटलेले धान्य टाकवत नाही, ते कष्टाचे असते. परंतु येथे ममता घातक ठरते. मका, भुईमूग यांसारख्या धान्यांवरील काही बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतावर आघात करते आणि धुण्याने वा शिजविण्याने जात नाही. १९७४ साली गुजरात व राजस्थानातील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने काविळीची साथ उद्भवली व सुमारे शंभर माणसे दगावली. असे धान्य किंवा पेंड जनावरांनाही घालू नये. ते विष दुधातून पुन्हा घरातच येते. काळा पडलेला कडबाही गव्हाणीत टाकू नये.

धान्य दाताखाली कडकन् फुटेल इतके वाळवून भरावे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. सोयाबीन पावसात भिजले असल्यास त्याची वेगळी रास करावी. बियाण्यात ते मिसळू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोहिण्यांच्या सुमारास घरोघरी जाऊन पन्हाळ, मोरी, झरोका व कणगी ही चार ठिकाणे कुटुंबासमवेत पाहावीत. घरातील कोरडे कोपरे माहीत असतात ते गृहिणीला. तेव्हा तिचे म्हणणे प्रथम ऐकावे. पावसापूर्वी बुजविलेली एक भेग पुढचे चार महिने घासण्याचे श्रम वाचविते, आणि कणगीतील ज्वारीही राखते.