सहाव्या संख्येने मोडलेला नियम

इंटरनेटच्या जुन्या, ३२ बिटांच्या पत्तापद्धतीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात. हा २ चा ३२ वा घात. त्यात १ मिळवला की होणारी ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या मूळ आहे, अशी पिएर द फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाची खात्री होती. ती खोटी ठरायला ९२ वर्षं लागली.

फर्माने १६४० साली पत्रांतून मांडलेला अंदाज असा : २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत न्या आणि प्रत्येक उत्तरात १ मिळवा, दर वेळी मूळ संख्याच हाती येईल. पहिल्या पाच संख्या, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, खरोखरच मूळ आहेत. सिद्धता मात्र आपल्याला सापडलेली नाही, हेही त्याने तेव्हा लिहून ठेवलं.

१७२९ मध्ये ख्रिश्चन गोल्डबाखने पत्र लिहून लेओनार्ड ऑयलरचं लक्ष या अंदाजाकडे वेधलं. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये असलेल्या ऑयलरने दाखवून दिलं, की सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७.

सरधोपट मार्गाने जायचं, तर या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासायची तयारी ठेवावी लागते. पण तिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते, हे पुढे ऑयलरने सिद्ध केलं. या चाळणीतून सुरुवातीला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच मूळ संख्या खाली पडतात. पाचव्याच भागाकाराला निकाल!

भागाकार न करताही हे पडताळता येतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या मांडणीवरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी ‘उणे १’ धरता येते. चौथा घात घेतला की ती १ होते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता दुसऱ्या मांडणीवरून ६२५ च्या जागी ‘उणे १६’ ठेवा. १६ हा २ चा चौथा घात, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी ‘उणे १’ येते. त्यात १ मिळवला की शून्य.

गंमत म्हणजे ६४ ची ही चाळणी फर्माच्याच एका प्रमेयातून निघते. तशाच युक्तीने त्याने १६४० मध्येच २ चा ३७ वा घात उणे १ या बारा अंकी संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता. हत्यार हाताशी असूनही सहाव्या संख्येपुरतं ते नीट चाललं नाही.

या मालिकेत ६५,५३७ नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. सहावीपासून तेहतिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या. चौतिसावी अडीच अब्जांहून जास्त अंकी आहे आणि तिचा निकाल लागायचा आहे. पुढे मूळ संख्या नसावीच, असं संभाव्यतेचं गणित सुचवतं. फर्माकडे पाच उदाहरणं होती, आपल्याकडे अठ्ठावीस आहेत. सिद्धता त्याच्याकडे नव्हती आणि आपल्याकडेही नाही.