हळद लाल का होते?

कळंबोलीत राहणाऱ्या बाईला रसायनांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. एका अंगाला लोखंड-पोलादाचा बाजार, पलीकडे तळोज्याची एमआयडीसी. वारा तिकडून सुटला की आपण आधी खिडक्या लावतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या रस्त्यावर चक्क निळी कुत्री फिरताना दिसली, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष इकडे वळलं. एका कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर बसला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने मग तो कारखाना बंद करायला लावला.

कारखान्यातली रसायनं काही आपल्या हातात नाहीत. पण मोरीतल्या फळीवर ज्या चार-पाच बाटल्या उभ्या असतात, त्यांचा स्वभाव ओळखणं तर आपल्या हातात आहे ना? आणि मैत्रिणींनो, छंद म्हणून हे करून पाहिलंत तर गंमतही फार येते. खर्च जवळजवळ नाहीच.

हळदीचा कागद

पांढऱ्या कपड्यावर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला की तो पिवळ्याचा लाल होतो, हे प्रत्येकीने पाहिलंय. साबण हा अल्क गुणाचा. मुलांच्या पुस्तकात यालाच ‘आम्लारी’ म्हणतात. अल्क भेटलं की हळद लाल होते. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतंच. जुन्या पद्धतीचं कुंकू हळद आणि चुन्यापासूनच तर होतं!

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, त्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. आता एकेका पट्टीवर साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी असा एकेक थेंब टाका. पट्टी लालसर होईल. लिंबाच्या रसाने मात्र ती पिवळीच राहील, कारण आम्ल ओळखणं हळदीला जमत नाही.

त्यासाठी कुंपणावरची निळी गोकर्ण आणा. दहा-बारा फुलं गरम पाण्यात टाकली की निळं पाणी मिळतं. त्यात लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी, सोडा घातला की हिरवट. मुलांना सुट्टीत एकदा दाखवाच. शाळेतला लिटमस कागदही असाच वनस्पतींच्या दुनियेच्या काठावरून आलेला. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे ‘लायकेन’ या गटातलं, आणि लिटमसचा रंगही लायकेनच्याच दुसऱ्या जातींपासून काढत आले आहेत.

किती आंबट, किती तीव्र?

हे मोजण्याची ‘पीएच’ नावाची पट्टी १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी मांडली. शुद्ध पाणी ७ वर. त्याच्या खाली आम्ल, वर अल्क. लिंबाचा रस २ ते ३ च्या दरम्यान, खायचा सोडा ८ च्या थोडा वर, धुण्याचा सोडा ११ च्या आसपास आणि चुन्याची निवळी १२ च्याही वर.

यातली मेख अशी, की एक आकडा म्हणजे दहापट फरक. म्हणजे खायचा आणि धुण्याचा, दोन्ही ‘सोडा’च असले तरी त्यांच्या तीव्रतेत शेकडो पटींचं अंतर आहे. म्हणून दोन्हींचे डबे एकसारखे नकोत आणि एका फळीवरही नकोत.

घरातल्या कितीतरी गोष्टी यावरून उलगडतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, कारण आम्ल धातूला खातं. नळावरचा पांढरा थर व्हिनेगरने बुडबुडे येऊन सुटतो. गंजाचा डाग लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला की फिका पडतो. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र धुण्याच्या सोड्याने घासू नये, ते काळवंडतं.

विरघळायचं कशात?

सगळेच डाग आम्ल-अल्काने जात नाहीत. फणस चिरताना हाताला लागलेला चीक पाण्याने निघतो का? नाही. तिथे तेलच लागतं. ज्या जातीचा डाग, त्या जातीचा द्रव, हा विद्रावकांचा साधा नियम. साखर-मिठाला पाणी, बॉलपेनच्या शाईला स्पिरिट, ऑइलपेंटला टर्पेंटाइन, नखांच्या रंगाला ॲसिटोन. ॲसिटोनने काही रेशमासारखी दिसणारी कृत्रिम कापडं विरघळतात, म्हणून आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहावं.

आणि हे द्रव भराभर पेट घेतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत जाते. म्हणून गॅस, समई, उदबत्ती यांच्या जवळ हे काम नको. दारं-खिडक्या उघड्या हव्यात.

एवढं मात्र कधीही करू नका

दिवाळीची साफसफाई निघाली की ‘दोन्ही मिळून जास्त स्वच्छ’ म्हणून संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं जातं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला, तोच हा वायू! आपल्या एवढ्याशा बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. डोळे चुरचुरले, खोकला आला, की सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत यावं. श्वास लागत असेल तर तडक दवाखाना. कामाला येणाऱ्या बाईलाही हे नीट समजावून सांगा, कारण पुष्कळदा ओतणारे हात तिचे असतात.

ॲसिड पातळ करायचं तर आधी पाणी घ्यावं आणि त्यात ॲसिड हळूहळू ओतावं. ॲसिडात पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येतं. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धरावं आणि डॉक्टर गाठावा. वर सोडा चोळू नये, आम्ल-अल्क भेटले की उष्णता निघते. कुणी चुकून प्यायलं तर उलटी काढू नये, कारण वर येताना ते घसा पुन्हा भाजतं. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जावं.

आज दुपारी दहा मिनिटं काढा. मोरीतली फळी रिकामी करा. ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवा. आणि सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं काही सापडलं, तर ती बाटली आजच घरातून काढा.