स्टिअरिंगची बटणं चालली, तरच स्टिरिओ विकला म्हणा!

कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं मनात आहे? मग आजचा विषय तुमच्यासाठीच. आपल्या खान्देशात गाड्यांना तोटा नाही. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना मिळतात. स्टिरिओ विकणं फार अवघड नाही. अवघड काय? विकलेला स्टिरिओ परत येऊ न देणं.

आवाज झकास, स्क्रीन मोठी, गिऱ्हाईक खूश. आणि दुसऱ्या दिवशी तेच दारात उभं: “भाऊ, स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत!” आता त्याच्या लेखी तुम्ही चांगली गाडी बिघडवली.

हिशोब करा. समजा, एका सेटमागे १,५०० रुपये सुटले. नंतर पदरचे १,००० घालून जोडणीचा डबा आणला आणि अर्धा दिवस डॅशबोर्ड खोलण्यात गेला. हातात काय राहिलं? वरून नाव खराब झालं ते वेगळंच.

म्हणून आधी बटणांचं काम समजून घ्या. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

१. साध्या वायरची बटणं. प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की वायरवरचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरून स्टिरिओला कळतं कोणतं बटण दाबलं. अशा गाडीसाठी मागे ‘की-१’, ‘की-२’ वायर असलेला स्टिरिओ घ्या. वायर जोडा, सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबा आणि त्याला काम शिकवा: आवाज, पुढचं गाणं, फोन.

२. कॅन-बसची बटणं. इथे बटणाचा संदेश गाडीच्या डिजिटल नेटवर्कवरून जातो. हे तंत्र बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर आणलं. इथे नुसती वायर जोडून भागत नाही. त्या गाडीला चालणारा कॅन-बॉक्स लागतो, आणि तो बॉक्स स्टिरिओलाही चालला पाहिजे.

ओळखायचं कसं? इग्निशन बंद करा, जुन्या स्टिरिओचं कपलर काढा. स्टिअरिंगची वायर आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर ओहमवर लावा. प्रत्येक बटणाला आकडा वेगळा आला, तर पहिला प्रकार. आकडा हललाच नाही, तर कॅन-बस असू शकते. पक्कं कळेपर्यंत माल मागवू नका.

आता दुकानाचे चार नियम लिहून ठेवा:

- ऑर्डर घेण्याआधी मॉडेल, वर्ष, व्हेरिएंट आणि मागच्या कपलरचा फोटो घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक वायरिंग बदलू शकतं.
- कंपनीची वायर कापू नका, त्या गाडीचं कपलर वापरा. वॉरंटीचा वाद टळतो आणि जुना सेट पुन्हा बसवता येतो.
- कॅन-बॉक्स लागणार असेल, तर त्याची किंमत आधीच भावात सांगा.
- काम झाल्यावर गिऱ्हाइकाला सीटवर बसवा, त्याच्याच हाताने प्रत्येक बटण दाबायला लावा. मगच बिल.

आणि एक लक्ष्मणरेषा: बटणंच नसलेल्या गाडीत नवी बसवायची म्हटली, तर स्टिअरिंग उघडावं लागतं. तिथे एअरबॅग असते. ते काम अधिकृत वर्कशॉपकडेच पाठवा. चार पैसे गेले तरी चालतील, कुणाच्या जिवाशी खेळ नको.

स्वस्त सेट तर ऑनलाइनही मिळतो. गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं ते “हा माणूस नीट बसवून देतो” या भरवशावर. तो भरवसा कमवा, गिऱ्हाईक आपोआप जोडलं जाईल. भेटू पुढच्या व्हिडिओत!